पाझर फुटलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, 'पडदा' म्हटल्याबरोबर तुम्ही खिडकीकडे पाहिलेत ना? तिथेच सगळे फसतात. माझ्यावर फुलांची नक्षी नाही, मला झालर नाही, दांडीत ओवायला कड्या नाहीत. मी पांढरा, कागदाहून पातळ आणि उशीच्या अभ्र्याएवढा आहे. एका लाँड्रीच्या पुढच्या खोलीत दोरीवर दोन चिमट्यांच्या आधाराने मी लटकत असतो. एका बाजूला कुणाचा तरी सदरा असतो, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी चादर. ती मंडळी वाळतात, इस्त्री करून घेतात आणि आपापल्या घरी जातात. मी तेवढा मागे उरतो.

आधी माझे काम सांगतो, म्हणजे पुढचे दुःख कळेल. खारे पाणी गोडे करणे हे माझे काम. माझ्या अंगाला असंख्य छिद्रे आहेत, पण ती इतकी बारीक की सुईचे टोक त्यांच्यापुढे मुसळ वाटावे. पाण्याशी माझे जन्मापासून जमत नाही. ते माझ्या अंगाला खेटते, पण आत शिरू शकत नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखे गोळा होऊन घरंगळते. वाफेला मात्र मी वाट देतो. एका बाजूने गरम खारे पाणी वाहते, त्याची वाफ माझ्यातून पलीकडे जाते, तिथल्या गार पत्र्यावर तिचे थेंब होतात आणि ते भांड्यात पडतात. मिठाला वाफ होता येत नाही, म्हणून ते उंबऱ्याबाहेरच राहते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला पिण्याचे पाणी, आणि मधे मी, ठणठणीत कोरडा. दिवसभर पाण्यात बसायचे आणि कोरडे राहायचे, अशी माझी नोकरी होती.

तुम्हा माणसांत कोरडेपणाला चांगले म्हणत नाहीत. एखाद्याचे मन द्रवले की तुम्ही कौतुकाने म्हणता, बघा, दगडालाही पाझर फुटला. आमच्या जातीत मात्र पाझर फुटणे हा रोग आहे. एकदा तो जडला की खारे पाणी तसेच्या तसे आरपार जाते आणि मग आमच्यात आणि फडक्यात काही फरक राहत नाही. हे नीट लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट या एका शब्दात आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या लगद्याला रुळांखालून लाटले, तापवले आणि चहू बाजूंनी ताणले. ताणल्यामुळेच मला ही बारीक छिद्रे पडली. तेव्हा ताण सोसण्याचे मला कुणी शिकवायला नको. माझी गुंडाळी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली. तिथे पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या भावंडांना मापात कापून यंत्रांत बसवले. मी गुंडाळीच्या शेवटचा तुकडा. माझ्या एका कोपऱ्यात मोड पडली होती, म्हणून मला बाजूला ठेवले गेले. कपाटाच्या वरच्या खणात मी बराच काळ धूळ खात पडलो होतो.

तिथून मला खाली काढले खटपट्याने. प्रयोगशाळेतले पंप, नळ आणि मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस. त्याला चांगले नाव होते, पण लहानपणी घरातले घड्याळ उघडून तो पुन्हा जोडत बसलेला असताना थोरल्या बहिणीने त्याला खटपट्या म्हटले आणि तेच चिकटले. ते घड्याळ पुढे चालले, पण उलटे, असे त्याची बहीण सांगते.

"बाई, हा तुकडा टाकणार आहात का?" त्याने विचारले.

"मोड पडलीय रे त्याला. प्रयोगाला नाही चालणार."

"मला चालेल. मोड कडेला घेतो आणि दाबून बसवतो. आमच्या लाँड्रीच्या विहिरीत समुद्र शिरलाय."

बाईंनी मला त्याच्या हातात दिले. एवढेच नव्हे, तर माझ्याशी कसे वागायचे तेही त्याला शिकवले. ते सगळे त्याने मन लावून ऐकले. मी त्याच्या हातातच होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

लाँड्री त्याच्या ताईची होती. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवले होते. तिचे लग्न झाले नव्हते की मोडले होते, ते मला ठाऊक नाही. माझ्यासमोर तो विषय कधी निघाला नाही. पुढच्या खोलीत इस्त्रीचे टेबल, मधल्या खोलीत कपडे फिरवणारा मोठा ढोल आणि दगडी हौद, मागे पाणी तापवायची भट्टी, अशी ती लाँड्री. इस्त्रीला एक काका होते. कपड्यांबरोबर गल्लीतल्या बातम्यांनाही ते इस्त्री करत. सकाळी आलेली चुरगळलेली बातमी दुपारपर्यंत अगदी कडक होऊन बाहेर पडे.

ताईकडे मुख्य काम होते जवळच्या प्रसूतिगृहाचे. नुकत्या जन्मलेल्या बाळांची दुपटी, लंगोट, झबली रोज गाठोडी भरून येत. ही दुपटी शेवटी गोड्या पाण्यातूनच काढावी लागतात. खाऱ्या पाण्यातून काढली तर वाळल्यावर ती खरखरीत होतात आणि बाळांच्या कातडीला टोचतात. विहीर खारी झाल्यापासून साबणाला फेस येईना. टँकर आला तर आला. गल्लीतली काही घरे कुलूप घालून निघूनही गेली होती.

"हे दुपट्यांचं काम गेलं ना, तर लाँड्रीला कुलूप," ताई म्हणायची. "आणि लाँड्रीला कुलूप म्हणजे घराला कुलूप. मग जायचं कुठं आपण?"

"जायचं कशाला?" खटपट्या म्हणायचा. "थोडं थांब. पडदा आलाय घरात."

त्याने मागच्या पडवीत, भट्टीच्या भिंतीला लागून, माझे बिऱ्हाड थाटले. भट्टीच्या धुराड्यातून ऊब फुकट वर जात असे. त्याने धुराड्याभोवती नळीचे वेटोळे घातले आणि विहिरीचे पाणी त्यातून फिरवून तापवले. मला एका चौकटीत ताणून बसवले, माझ्यामागे गार पत्रा लावला आणि खाली काचेचे भांडे ठेवले. सगळे श्वास रोखून उभे राहिले. कितीतरी वेळाने एक थेंब पडला.

"एवढं रामायण एका थेंबासाठी?" काका म्हणाले.

ताईने मात्र त्या भांड्यात बोट बुडवून ते जिभेला लावले. तिचा चेहरा मला अजून दिसतो. "गोड आहे रे!" ती म्हणाली. खटपट्या नुसता हसला आणि लगेच पाना घेऊन पुन्हा नळ्या सोडवू लागला. कौतुक ऐकत बसायला त्याला वेळ नव्हता.

मग सुरू झाल्या सुधारणा. पहिल्यांदा त्याच्या लक्षात आले की गरम पाणी माझ्या अंगावरून सरळ निघून जाते आणि त्यातली बरीच ऊब तशीच वाया जाते. त्याने मधे प्लॅस्टिकची जाळी बसवली. "पाणी सरळ गेलं की आळशी होतं," तो मला सांगे. "ठेचकाळत जाऊ दे त्याला." पाणी जाळीवर ठेचकाळू लागले, घुसळू लागले आणि थेंब भराभर पडू लागले. मग त्याने विहिरीचे गार पाणी आधी माझ्या मागच्या पत्र्यावरून फिरवले. वाफ तिथे निवताना जी ऊब सोडे, ती त्या पाण्याला मिळे. असे ते निम्मे तापूनच धुराड्याकडे जाई. मग माझ्या आणि पत्र्याच्या मधली फट कमी केली. मग ती फारच कमी झाली म्हणून पुन्हा थोडी वाढवली. थेंबांची धार झाली. धारेने हौद भरू लागला.

"अरे, चांगलं चाललंय ते बिघडवू नकोस," ताई ओरडायची.

"ताई, चाललंय आणि चांगलं चाललंय, यात फरक आहे."

आमच्याकडे माणसे येऊ लागली. कुणी भांडे घेऊन येई, कुणी नुसतेच बघायला. प्रयोगशाळेतल्या बाईही आल्या आणि मोड पडलेल्या माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "याला आपण बाजूला काढलं होतं!" मला किती बरे वाटले म्हणून सांगू! माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणे. मी चौकटीतच होतो, पण झाडावर होतो.

खटपट्याची एक सवय होती. अधूनमधून तो चौकट उघडायचा, मला हलकेच वाळवायचा आणि माझ्या अंगावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब टपोऱ्या मोत्यासारखा गोल उभा राहायचा. "पास!" तो म्हणायचा. मग माझ्यावर साचलेला क्षाराचा पांढरा थर काढायचा. त्यासाठी एका डब्यातली पांढरी पूड पाण्यात विरघळवायचा आणि त्या पाण्याने मला पडवीतच हलक्या हाताने धुवायचा. ताई मधल्या खोलीतून, हौदाशी उभी राहून, ते पाहत असे. काय चालले आहे हे तिने कधी विचारले नाही आणि त्यानेही कधी सांगितले नाही. सांगण्याची घाई कुणालाच नव्हती. तो होताच की!

सांगत होता तो फक्त एक गोष्ट, आणि तीही थट्टेत. "पडदा ओला होऊ देऊ नका हं!" असे तो येता-जाता म्हणायचा. आमच्या धंद्यात हे शब्द अगदी नेमके आहेत. पाणी छिद्रांत शिरले की पडदा 'ओला झाला' असे म्हणतात. पण लाँड्रीतल्या माणसांना ते काय कळणार? त्यांची हसून पुरेवाट व्हायची.

"दिवसभर पाण्यात बुडवून ठेवतोस आणि ओला होऊ देऊ नको म्हणतोस!" ताई म्हणायची.

"आणि पडदा म्हणजे धुवायचाच की," काका पुस्ती जोडायचे. "लाँड्रीत आलाय तो. त्याला काय पूजेला बसवायचंय?"

"सांगतो नीट कधीतरी," खटपट्या म्हणायचा. मित्रांनो, 'कधीतरी' हा शब्द फार गोड आहे आणि फार खोटा आहे.

एके दिवशी सकाळी पंपाचा एक भाग आणायला तो शहरात निघाला. दारातून त्याने नेहमीसारखी हाक दिली, "ताई, मी येईपर्यंत पडदा ओला होऊ देऊ नकोस गं!"

"जा बाबा," ताई हसत म्हणाली, "नाहीतर बस चुकेल."

त्याची बस चुकली नाही. चुकली असती तर किती बरे झाले असते. एका वळणावर ती बस उलटली. बाकीची माणसे खरचटून, हातपाय मोडून का होईना, घरी परतली. आमचा खटपट्या परतला नाही.

घर माणसांनी भरले. सगळे रडत होते. काका तर इस्त्रीच्या टेबलावर डोके टेकून लहान मुलासारखे रडले. ताईच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आले नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे तिने भट्टी पेटवली, कारण प्रसूतिगृहातून गाठोडे आले होते आणि बाळे कुणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत. गल्लीतल्या बायका दारातून जाताना कुजबुजल्या, "कोरडीच आहे बाई. पाठच्या भावाला सुद्धा रडली नाही." मला त्या बायकांचा राग आला. पाण्यात बुडून कोरडे राहणे म्हणजे काय असते, ते त्या गल्लीत फक्त मला ठाऊक होते.

त्याचा पाना पडवीतल्या खिळ्याला तसाच लटकत राहिला. ताई रोज सकाळी हौद भरायला यायची, आधी पान्याकडे बघायची, मग माझ्याकडे. काहीतरी पुटपुटायचीही. "झालं का रे सुरू तुझं?" असे काहीसे. ते मला उद्देशून होते की त्याला, ते मी सांगू शकत नाही.

हळूहळू माझ्यावर क्षार साचू लागला. धारेचे पुन्हा थेंब झाले. हौद संध्याकाळपर्यंत अर्धाही भरेना. ताई काळजीत पडली. एका सकाळी तिने पाना खिळ्यावरून काढला, पदराने पुसला आणि जपून एकेक नट सैल करत माझी चौकट उघडली.

"ताई, जमेल का तुला?" काकांनी विचारले. "त्या कॉलेजातल्या बाईंना बोलवायचं का?"

"धुवायचाय तर पडदा, काका! जन्म गेला माझा त्यात. तोसुद्धा धुवायचाच की पावडर टाकून. मी बघितलंय ना."

मग ती थबकली. "पण पावडर नको," ती म्हणाली. "पावडर खरखरीत असते. हा किती नाजूक आहे बघा. याला दुपट्यांचा साबण लावते."

तो साबण घरातला सर्वांत चांगला. बाळांच्या कपड्यांखेरीज दुसऱ्या कशालाच तो लावायचा नाही असा तिचा दंडक होता. तिने कोमट पाण्यात त्याचा फेस केला, मला मांडीवर घेतले आणि तळहाताने चोळले. फार हळू चोळले. मोड पडलेल्या कोपऱ्याशी आल्यावर तर तिचा हात अगदीच हलका झाला. मित्रांनो, पाणी माझा जन्माचा वैरी, आणि साबण म्हणजे त्या वैऱ्याला घराची किल्ली देणारा. साबण लागला की माझ्या अंगाचा पाण्याशी असलेला तुटकपणा संपतो आणि पाणी मुकाट्याने आत शिरते. मला ते सारे समजत होते. पण खटपट्या गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. खरे सांगू? मला बरे वाटत होते.

तिने मला पुन्हा चौकटीत बसवले आणि पाणी सोडले. काय नवल! धार पहिल्यापेक्षा मोठी लागली. हौद दुपारीच भरला.

"बघा काका!" ताई हरखून म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती अशी बोलली. "धुतल्यावर कसा मोकळा झाला!" पाना खिळ्याला अडकवताना ती हळूच म्हणाली, "खटपट्या, मलापण जमतं हं."

धार मोठी होतीच, कारण मला पाझर फुटला होता. विहिरीचे पाणी माझ्यातून तसेच पलीकडे जात होते. ओरडून सांगावे असे वाटत होते, पण पडद्याला कुठे तोंड असते?

पहिल्यांदा काकांच्या लक्षात आले. त्यांच्या वाफेच्या इस्त्रीच्या भोकांशी पांढरी भुकटी जमू लागली आणि काळ्या कोटांवर डाग उठू लागले. ताई म्हणाली, इस्त्री जुनी झाली. मग दुपटी कडक होऊ लागली. ताई म्हणाली, साबण बदलला असेल कंपनीने. शेवटी प्रसूतिगृहातल्या नर्सबाई गाठोडे घेऊन स्वतः आल्या.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "बाळांच्या मानेला पुरळ येतंय. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, पाणी सुधारेपर्यंत कपडे दुसरीकडे द्यायचे."

"पाण्याला काय झालंय? पाणी माझ्या भावाच्या यंत्रातलं आहे."

नर्सबाईंनी गाठोडे टेबलावर ठेवले. त्या गेल्यावर ताई पडवीत आली. माझ्या धारेखाली तिने ओंजळ धरली आणि एक घोट घेतला. मग बराच वेळ ती तशीच ओंजळ धरून उभी राहिली. पाणी तिच्या बोटांतून गळून गेले तरी तिला भान नव्हते.

बाईंना निरोप गेला. त्या आल्या, त्यांनी मला चौकटीतून काढले, वाळवले आणि खटपट्या सोडायचा तसा एक थेंब माझ्यावर सोडला. तो क्षणभर उभा राहिला, मग त्याचे पाय मोडले आणि तो माझ्या अंगात जिरला. मी नापास झालो. आयुष्यात पहिल्यांदा.

"कशानं धुतलात हो?" बाईंनी विचारले.

"दुपट्यांच्या साबणानं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "तो पावडर वापरायचा, पण मी मऊ साबण घेतला."

बाईंनी खाली पाहिले. कोनाड्यातला खटपट्याचा डबा घेऊन त्यांनी पुडीचा कण जिभेला लावला. मग डबा जागच्या जागी ठेवत त्या म्हणाल्या, "काही नाही. वय झालं होतं त्याचं. कधीतरी जाणारच होता. मी नवा आणलाय."

काकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ताई लाँड्रीवाली होती. कोणत्या कापडाला काय लागले हे ओळखण्यात तिचे आयुष्य गेले होते. तिने बाईंच्या हातातला डबा बघितला होता. तिने तो उघडला आणि पूड चाखून पाहिली.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"लिंबूसत्व आहे ते," बाई नाइलाजाने म्हणाल्या. "क्षार निघतो त्यानं."

"आमच्याकडे पांढरी पूड म्हणजे साबणच हो," ताई पुटपुटली. मग तिने बाईंच्या नव्या पडद्याचा एक कापलेला तुकडा मागून घेतला आणि त्यावर थेंब सोडला. थेंब गोल उभा राहिला. तिने साबणाच्या वडीवर बोट घासले आणि ते बोट थेंबाला टेकवले. थेंब पसरला आणि नाहीसा झाला.

"मी धुतलं म्हणून," ताई म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ताई."

"त्यानं सांगितलं होतं. ओला होऊ देऊ नको, ओला होऊ देऊ नको, रोज सांगायचा. आणि मी हसायचे."

तेव्हाही ती रडली नाही. बाईंनी मला वाचवायचा प्रयत्न केला. स्वच्छ पाण्याने खळखळून काढले, ऊन हवेत वाळवले. थोडे दिवस मी कसाबसा तगलो, पण पाझर पुन्हा फुटला. मग माझ्या जागी नवा पडदा बसला. त्याचे काम चांगले आहे. दुपटी परत आली, काकांची इस्त्री स्वच्छ झाली, लाँड्रीला कुलूप लागले नाही. खटपट्याची जाळी आणि धुराड्यावरचे वेटोळे तशीच आहेत. मला काकांनी फडक्यांच्या ढिगात टाकले होते. ताईने मला तिथून उचलले आणि या दोरीवर लावले.

आता बाई कधीकधी शाळेतल्या मुलांना यंत्र दाखवायला पाठवतात. ताई सगळे छान समजावून सांगते. एक थेंब नव्या तुकड्यावर सोडते, दुसरा माझ्यावर. मुले विचारतात, हा का जिरला? ताई सांगते, "याला कुणीतरी साबणानं धुतलं." नेहमी 'कुणीतरी'. त्या शब्दाचा पडदा ती मधे धरते आणि पुढच्या गोष्टीकडे वळते. मी तिला दोष देत नाही. प्रत्येकाला कुठेतरी कोरडे राहावेच लागते.

मागच्या खेपेला आलेल्या मुलांत दात पडलेली एक मुलगी होती. तिने प्रश्नांची नुसती सरबत्ती लावली होती. ताईने मला चिमट्यांतून सोडवून तळहातावर घेतले होते, थेंब दाखवून झाला होता आणि नेहमीचे वाक्यही म्हणून झाले होते.

"कुणी धुतलं?" मुलीने विचारले.

ताईने माझा मोड पडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

"मग ते यंत्र करणारा दादा रागावला का खूप?"

"नाही गं," ताई म्हणाली. तिचा आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटला. "रागवायला तरी आला असता तर बरं झालं असतं." मग ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मी धुतलं बाळा. न विचारता धुतलं. माझ्या भावाचं होतं ते."

तिच्या डोळ्यांतून पाणी आले. इतक्या दिवसांचे साठलेले पाणी, ते काय थांबणार होते? ते टपटप माझ्यावर पडत राहिले. ते खारे होते. एके काळी मी ते आत येऊ दिले नसते. गोल मोती करून घरंगळून टाकले असते, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली असती. आता एकही थेंब खाली पडला नाही. सगळे मी माझ्यात घेतले. ती मुलगी पुढे आली आणि ताईच्या पदराचे टोक धरून उभी राहिली.

मित्रांनो, माझे एक ऐका. तुम्हाला जे जपायचे आहे, ते कशाने जगते हे आधी विचारा. आपल्याकडचा सर्वांत चांगला साबण त्याला चालेलच असे नाही. आणि घरातले कुणी 'सांगतो कधीतरी' म्हणाले, तर त्याला तिथेच बसवून घ्या. बस चुकली तरी चालेल.